नऊ दिवसांचं भविष्य

१९९८ साली नॅन्सी पेट्री, वॉरेन बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत काही माणसांना एक साधं काम दिलं. गोष्टीची सुरुवात त्यांनी करून द्यायची आणि पुढची गोष्ट समोरच्याने रचायची. एक माणूस सकाळी उठतो आणि आपल्या भविष्याचा विचार करू लागतो, अशी ती सुरुवात. नंतर विचारायचं, तुमच्या गोष्टीतल्या माणसाच्या डोक्यातलं हे भविष्य आजपासून किती लांबचं आहे? ज्यांना व्यसन नव्हतं त्यांचं उत्तर सरासरी ४.७ वर्षं आलं. हेरॉइनच्या व्यसनात असलेल्यांचं सरासरी उत्तर आलं नऊ दिवस.

नऊ दिवस! महिन्याचा पगार तीस दिवसांनी होतो. या माणसांना पुढचा पगारसुद्धा दिसत नव्हता, मग बढती, घराचा हप्ता, मुलीची दहावी हे तर फारच दूर. आणि नोकरीच्या मुलाखतीत आपल्याकडे हमखास काय विचारतात, तर पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?

व्यसनातून नुकतंच बाहेर पडलेल्या माणसाने कोणतं काम धरावं, हा प्रश्न घराघरांत येतो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘मिळेल ते’ असं असतं. मला मात्र हा विज्ञानातला एक विलक्षण प्रश्न वाटतो. मेंदू वेळ कसा मोजतो, वास कसा लक्षात ठेवतो, बक्षिसाची वाट कशी बघतो, हे सगळं या एका व्यवहारी प्रश्नात येऊन मिळतं. आणि तो प्रश्न जवळून बघायला छत्रपती संभाजीनगर ही फार चांगली जागा आहे.

हे शहर शिफ्टवर चालतं. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे कितीतरी छोटे-मोठे कारखाने उभे राहिले. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत त्याआधीची, शेंद्र्याची नंतरची, आता बिडकीनची. सकाळी बाबा पंपावर आणि नगर नाक्यावर हातात डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट बघणारी माणसं दिसतात, त्यांचा अख्खा आठवडा फर्स्ट, सेकंड, नाईट या तीन शब्दांत मांडलेला असतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पस्तीस दिवस काढून, किंवा इथल्या घाटी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातून औषधं घेऊन, एखादा माणूस वाळूजमधल्या बजाजनगरच्या आपल्या खोलीवर परत येतो तो या शहरात. इथवर पोहोचणं हेच केवढं दुर्मीळ आहे बघा. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळलं होतं की दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कुठला ना कुठला उपचार मिळतो.

परत आल्यावर त्याच्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती रिकाम्या दिवसाची. घरचे प्रेमाने म्हणतात, सहा महिने आराम कर, तब्येत सांभाळ. पण रिकामा वेळ माणसाचं काय करतो हे समजून घ्यायला ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावाकडे बघू. व्हिएन्नाजवळच्या या गावातली कापडगिरणी १९२९-३० च्या सुमाराला बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल हे तरुण संशोधक तिथे गेले. त्यांनी बघितलं, तर हाताशी वेळच वेळ असूनही गावच्या वाचनालयातली पुस्तकांची देवघेव निम्म्यावर आली होती. रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग त्यांनी घड्याळ लावून मोजला. पुरुष रेंगाळत चालायचे, पुन्हा पुन्हा थांबायचे. बायका भरभर जायच्या, कारण घरचं काम गिरणीबरोबर बंद पडलं नव्हतं. दिवसभरात काय केलं, असं विचारलं तर पुरुषांना धड सांगता येईना. पुढे याहोडा यांनी मांडलं की नोकरी पगाराशिवाय पाच गोष्टी देते. दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, दहा जणांचा मिळून एक उद्देश, चार लोकांत ओळख, आणि हातपाय हलवायची सक्ती.

दारूसुद्धा यातल्या काही गोष्टी देत होती, हे आपण विसरतो. पैसे कुठून आणायचे, कुठे बसायचं, कुणाबरोबर बसायचं, घरी किती वाजता जायचं, सकाळी पुन्हा अंग कसं सावरायचं. हे वेळापत्रक घातक होतं, पण वेळापत्रक होतं. ते काढून घेतलं की संध्याकाळी सात ते दहा या तीन तासांत माणसाला जमीनच सापडत नाही.

म्हणून पगाराच्या आकड्याआधी मी शिफ्ट विचारेन. फर्स्ट शिफ्ट दुपारीच सुटते, रात्रीची झोप बहुतेक शाबूत राहते, पण संध्याकाळ सगळी मोकळी. तिथे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाची मीटिंग नाहीतर दुसरा एखादा खुंटा हवा. सेकंड शिफ्टचं गणित मला फार रंजक वाटतं. आयुष्यभर ज्या तासांना हात ग्लासाकडे जायचा, नेमके तेच तास माणूस कारखान्याच्या गेटच्या आत असतो. पण मीटिंग बुडते, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला घामेजून बाहेर पडल्यावर सोबतचे कुठे वळतात यावर पुढचं ठरतं. नाईट सगळ्यांत अवघड. दारू सोडल्यावर झोप आठवडेच नाही तर कधीकधी कित्येक महिने विसकटलेली राहते, गाढ झोपेचा वाटा कमी झालेला असतो, आणि बिघडलेली झोप माणसाला पुन्हा बाटलीकडे ढकलते, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. दर आठवड्याला बदलणारी शिफ्टही अशा मेंदूसाठी फार वाईट. आणि नेमकी अशा माणसाला पहिल्यांदा कोणती नोकरी देऊ करतात? वॉचमनची. हलकं काम आहे, डोक्याला ताप नाही, म्हणून. रात्र, एकटेपणा आणि बारा तास करायला काहीही नाही, या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र येतात. कुणी आपुलकीनेच सुचवतं, तरी ही नोकरी पहिल्या काही महिन्यांत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वासाकडे, आणि नशेची आठवण जागवणाऱ्या इतर खुणांकडे वळू. १९४० च्या दशकात अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात एब्राहम विकलर यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. महिनोन्‌महिने अफूजन्य पदार्थांपासून लांब असलेले रुग्ण गटात बसून नशेच्या आठवणी सांगू लागले की त्यांना जांभया यायच्या, नाक वाहायचं, डोळ्यांत पाणी यायचं. व्यसन सोडताना पहिल्या दिवसांत होणारा त्रास, नुसत्या बोलण्याने, इतक्या काळाने परत यायचा. शरीराने तो प्रसंगांशी जोडून ठेवला होता.

व्होल्फ्राम शुल्ट्झ यांनी पुढे माकडांच्या मेंदूत डोपामिनच्या पेशी काय करतात ते टिपलं. अचानक फळांचा रस मिळाला की या पेशी उसळायच्या. रसाआधी दर वेळी दिवा लागतो हे माकड शिकलं की त्या दिव्यावर उसळायच्या आणि रसावर शांत राहायच्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर ज्या क्षणी यायला हवा होता त्याच क्षणी मंद पडायच्या. बक्षीस नक्की केव्हा यायचं हे त्या पेशी क्षणाच्या हिशेबाने धरून बसलेल्या असतात! दारू आणि अमली पदार्थ या यंत्रणेला रसायनाच्या जोरावर ढकलतात, म्हणून त्यांच्या आधी लागणारे ‘दिवे’ फार खोल कोरले जातात. बारची पाटी, ठरावीक मित्राचा फोन, एक तारखेला बँकेचा मेसेज.

याहून थक्क करणारा शोध २०१६ चा आहे. मुहम्मद परवाझ आणि सहकाऱ्यांनी कोकेनचं व्यसन असलेल्या लोकांना, कोकेन सोडून वेगवेगळा काळ झाला असताना, नशेशी संबंधित चित्रं दाखवून मेंदूचे विद्युत्संकेत मोजले. किती इच्छा होते असं विचारलं, तर उत्तर काळाबरोबर कमी कमी होत गेलं. मेंदूचा प्रतिसाद मात्र आधी वाढत गेला, एक ते सहा महिन्यांच्या टप्प्यात सर्वांत वर पोचला आणि वर्षाच्या सुमाराला खाली आला. म्हणजे माणूस अगदी मनापासून म्हणत असतो की आता मला काही वाटत नाही, आणि त्याच वेळी त्याचा मेंदू आधीपेक्षा जास्त सावध होऊन त्या खुणा शोधत असतो. हा अभ्यास कोकेनचा होता, पण सोडल्यानंतर ओढ काही काळ मुरत जाते हे उंदरांमध्ये इतर नशांच्या बाबतीतही दिसलं आहे. पस्तीस दिवसांचा उपचार संपवून माणूस कामाला लागतो, तो नेमका या चढावर पाऊल टाकत असतो.

या ज्ञानाचा संभाजीनगरात फार ठोस अर्थ निघतो. बिअर आणि मद्य बनवणारे मोठे कारखाने या शहराच्या औद्योगिक वसाहतींत आहेत. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगांच्या पाण्यात कपात करायला लावली होती, तेव्हा हा उद्योग इथे केवढा आहे हे साऱ्या राज्याला कळलं. या कारखान्यांत पॅकिंग, लोडिंग, हाऊसकीपिंग अशी कंत्राटी कामं निघतात. ठेकेदार म्हणतो, भाऊ, उद्यापासून ये. काम चांगलं असेल, पगार वेळेवर होत असेल, तरी आंबवलेल्या धान्याचा वास आणि दिवसभर डोळ्यांसमोरून सरकणाऱ्या बाटल्या ही त्या माणसाच्या मेंदूसाठी जळत्या दिव्यांची रांग आहे. बार, परमिट रूम, ढाबा, लग्नाचं केटरिंग यांनाही हेच लागू होतं. कारखाना कितीही निर्धोक असला तरी रोज कोणत्या रस्त्याने तिथे जायचं हेही बघावं लागतं. कंपनीची बस यासाठीच मला मोलाची वाटते. ती वाटेतल्या बारसमोर थांबत नाही.

जागा बदलली की काय होतं याचा एक पुरावा तर अजूनही अविश्वसनीय वाटतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिकांमध्ये हेरॉइन इतकं पसरलं की ली रॉबिन्स यांच्या अभ्यासात साधारण पाचातला एक जण तिथे आहारी गेल्याचं आढळलं. ते मायदेशी परतले. त्या आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा त्याच अवस्थेत गेलेले निघाले सुमारे पाच टक्के. ते घरी परतले ते ज्या खुणांनी त्यांना बांधलं होतं त्या मागे सोडून. आपला माणूस पुण्याहून बजाजनगरला परततो तेव्हा त्याची दिशा नेमकी उलट असते.

मग पैसा. मजूर नाक्यावरचं काम संध्याकाळी रोख पैसे हातात ठेवतं, आणि तेही दारूचं दुकान उघडं असण्याच्या वेळेला. म्हणून पुष्कळ जण महिन्याच्या पगाराला जास्त सुरक्षित मानतात. पण नऊ दिवसांच्या भविष्याचं काय? तीस दिवस लांबचं बक्षीस अशा मेंदूला ओढून घेत नाही. या पेचावर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात केनेथ सिल्व्हरमन यांनी १९९० च्या दशकात जे उत्तर शोधलं ते मला या साऱ्या क्षेत्रातलं सर्वांत सुंदर वाटतं. त्यांनी एक कामाची जागाच उभी केली. हेरॉइन आणि कोकेनच्या व्यसनात सापडलेल्या, बहुतेक बेकार आणि गरीब अशा गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया तिथे यायच्या. आठवड्यातून तीन वेळा लघवीची तपासणी. निकाल स्वच्छ असला की दार उघडायचं, मग त्या डेटा एन्ट्री शिकायच्या आणि करायच्या. दिवसाची कमाई त्याच दिवशी नावावर जमा व्हायची, आणि सलग स्वच्छ दिवसांगणिक तिचा दर चढत जायचा. एखाद्या दिवशी चुकलं तर त्या दिवशी काम नाही आणि दर पुन्हा तळाला, पण हाकलून देणं नाही. उद्या परत या. कमाई रोख नसायची, वस्तूंसाठी वापरायची व्हाउचरं असायची. बक्षीस रोज, पण नोट हातात नाही! ज्यांना हे काम मिळालं त्यांचे स्वच्छ नमुने, न मिळालेल्यांच्या जवळपास दुप्पट होते. आणि ही सोय काढून घेतल्यावर अनेक जणी परत घसरल्या, हेही या संशोधकांनीच प्रामाणिकपणे नोंदवलं. मधुमेहाची गोळी बंद केली की साखर चढते, तसंच.

वाळूजच्या एखाद्या कारखान्यात कुणी अशी योजना काढेल याची वाट बघत बसायला नको. तिचा गाभा घरी उतरवता येतो. पगार आईच्या किंवा बायकोच्या खात्यावर, रोजच्या हजेरीची खूण सगळ्यांना दिसेल अशा कॅलेंडरवर, आणि दर आठवड्याला, महिन्याची वाट न बघता, ठरलेली एखादी छोटी गोष्ट त्याच्यासाठी. उचल शक्यतो घेऊ नये. उचल म्हणजे पुढच्या महिन्याचं भविष्य आजच खर्च करणं, आणि याच्याकडे ते मुळातच थोडं आहे.

तपासणी आणि नोकरी यांची अशी सांगड फक्त गरिबांसाठी नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून वैमानिकांसाठी अशी व्यवस्था आहे. डॉक्टरांसाठीही आहे. अशा सोळा योजनांमधल्या ९०४ डॉक्टरांचा पाच वर्षांचा मागोवा २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची माहिती मिळाली त्यांतले तीन चतुर्थांशांहून जास्त पाच वर्षांनी परवान्यासह काम करत होते. लोकांचे जीव ज्यांच्या हातात आहेत त्यांच्यावर, देखरेखीसह, पुन्हा विश्वास टाकता येतो, तर सीएनसी मशीन चालवणाऱ्यावर का नाही?

कारखान्याचा आणि व्यसनमुक्तीचा एक जुना धागा मला इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. डायसल्फिरामची गोळी घेणाऱ्याने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. दारू पचताना मधल्या टप्प्यावर ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, ते पुढे मोडणारं विकर ही गोळी बंद पाडते. आता हे कुणाच्या लक्षात कसं आलं? १९३७ साली ई. ई. विल्यम्स या अमेरिकन डॉक्टरने लिहिलं की रबर उद्योगातलं याच जातीचं एक रसायन हाताळणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी झाली आहे, आणि यातून व्यसनावर उपाय निघेल का, असंही सुचवलं. दहा वर्षांनी डेन्मार्कमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन यांनी डायसल्फिराम औषध म्हणून पुढे आणलं. रबर पक्कं करण्याच्या प्रक्रियेला वेग देणारं हे रसायन! वाळूजला गुडइयरचे टायर बनतात, तिथून जाताना मला दर वेळी ही गोष्ट आठवते. यात कामाशी थेट संबंध असलेली एक सूचनाही आहे. ही गोळी चालू असलेल्याने अल्कोहोल असलेली द्रावणं, सॅनिटायझर, छपाईची किंवा रंगकामाची काही रसायनं यांच्या वाफेत काम करण्याआधी आपल्या डॉक्टरांना नक्की विचारावं.

साहेबाला सांगायचं का, हा प्रश्न उरतोच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था येतात, आणि उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तो कायदा देतो. त्यामुळे सगळ्या लाईनला सांगत सुटायची गरज नाही. पण एका माणसाला ठाऊक असावं, जो शनिवारी पार्टीला ओढणाऱ्यांना परस्पर थोपवेल आणि मीटिंगच्या संध्याकाळी ओव्हरटाइम लावणार नाही.

आणि किती दिवस थांबायचं? पूर्ण बरा हो, मग काम बघू, ही जुनी समजूत. रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी उलटी पद्धत बसवली. आधी खऱ्या बाजारातली खरी नोकरी, तीही लवकर, आणि शिकवणं-सांभाळणं तिथे रुजू झाल्यावर. नोकरी शोधून देणारा माणूस डॉक्टरांच्याच चमूत बसतो. इंग्लंडने ही पद्धत व्यसनमुक्ती सेवांमध्येही आजमावली आहे.

आपल्याकडे याचं बीज फार आधी पडलं आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं. तिथे जे रुग्ण म्हणून आले त्यांतलेच कितीतरी पुढे तिथे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. हे केवळ भूतदयेचं नव्हतं. मारिया पेगानो यांनी २००४ साली दाखवलं की दारू सोडण्याच्या काळात जे दुसऱ्या व्यसनींना मदत करत होते, त्यांतले ४० टक्के पुढचं वर्षभर घसरले नाहीत. मदत न करणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं. पहिल्याच महिन्यात समुपदेशक व्हायला निघू नये, ते ओझं मोठं आहे. पण वाळूजच्या प्रत्येक मोठ्या कारखान्यात पाच-सात वर्षं सोबर असलेला एखादा ऑपरेटर, एखादा फिटर असणारच. मीटिंगमध्ये ते एकमेकांना ओळखतात, गेटच्या आत अनोळखी होतात. त्यातल्या कुणी तयारी दाखवली, तर नव्याने आलेल्या हेल्परला त्याच्याच शिफ्टला आणि त्याच्याच शेजारच्या मशीनवर लावायला कंपनीला एक रुपयाही खर्च येत नाही.